तळाच्या टीमचे कॅचरअण्णा

माझ्या अप्पांच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं. बाकीची बेंगळूरुतल्या पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्याच्या प्रेस मशीननं घेतली. त्याच कारखान्याच्या टूलरूममधल्या कॅचरअण्णांची पाचही बोटं शाबूत होती, पण पाच दिशांना गेलेली. कारखान्याची बेसबॉलची टीम होती. त्या टीमसाठी बॅट्समनच्या मागं उकिडवं बसून वीस वर्षं बॉल झेलले, त्याची ती कमाई. पत्ता सांगायला अण्णांनी हात वर केला की ऑटोवाला विचारायचा, "यातल्या कुठल्या बोटाकडं जाऊ, सर?"

कारखाना बंद पडला तेव्हा मी नववीत होते. अप्पा एका अपार्टमेंटच्या गेटवर उभे राहायला लागले, आई दुसऱ्यांच्या ब्लाउजना हुक लावायला लागली. घरात एकच टेबलफॅन होता. ज्याची परीक्षा, त्याच्याकडं त्याचं तोंड. आमच्या घराण्याला बेंगळूरुत तीनशे वर्षं झाली म्हणतात. त्या तीनशे वर्षांत कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. मी गेले आणि बी.कॉम. झाले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडं ते लिहू शकणारी मीच पहिली.

निकाल लागल्यावर चार दिवसांत अण्णा दारात. "ग्रॅज्युएट आहे का घरात?"

आई म्हणाली, "नाव घेऊन बोलवा की, अण्णा. लहानपणापासून बघताय तिला."

"नाव सगळ्यांनाच असतं, अक्का," अण्णा म्हणाले आणि आत येऊन बसले. देशात बेसबॉलची पगारी लीग निघत होती. सहा शहरं, सहा टीम. बेंगळूरुची टीम बोम्मसंद्र्यातल्या एका पंपाच्या कारखान्याच्या मालकानं घेतली होती आणि कोच म्हणून अण्णांना बोलावलं होतं. त्यांना स्कोअर लिहायला माणूस हवा होता. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "कळणारे सगळे खेळायला लागतात. लिहायला कोण राहतं मग?"

टीममध्ये पंधरा जण होते. कुणी पीण्यात टेम्पररी हेल्पर, कुणी पार्सलं पोचवणारा. अकरा महिने झाले की काढायचं आणि पुन्हा नवीन म्हणून घ्यायचं, अशा नोकऱ्या. मालकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर शब्द दिला होता : सीझनमध्ये तळाला राहिला नाहीत, तर पंधराच्या पंधरा जणांना कारखान्यात पर्मनंट करतो. अण्णांनी हा शब्द पंधरा घरी स्वतः जाऊन सांगितला. चहा पिऊन, बसून सांगितला. पुढं सगळं त्या चहानंच अवघड केलं.

अण्णांना सामान टाकून देणं माहीत नव्हतं. एक ग्लोव्ह फाटला, तेव्हा इथल्याच शिवाजीनगरातल्या चामड्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं मला घेऊन गेले. त्यानं ग्लोव्ह उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "जोडीतला दुसरा कुठाय?" अण्णा म्हणाले, "एकाच हाताला घालतात." म्हाताऱ्याला ते पटलं नाही. आठवड्यानं गेलो तर ग्लोव्ह शिवलेला, आणि शेजारी दुसऱ्या हाताचा नवाकोरा तयार! अण्णांनी तो हसत घेतला आणि आमच्या एकुलत्या एक डावखुऱ्या पोराला दिला.

त्यांची दुसरी सवय मला आधी विचित्र वाटायची. प्रत्येक मॅचनंतर स्कोअरबुकात खाली मोकळी जागा असे, तिथं ते मला एक ओळ लिहायला लावत. 'आज चूक माझी' अशी तिची सुरुवात. 'आज चूक माझी. पिचरला एक इनिंग जास्त बॉल टाकायला लावले.' 'आज चूक माझी. उन्हात सराव घेतला, पोरं मॅचआधीच दमली.' मी एकदा म्हटलं, "अण्णा, आज तर सरळसरळ त्या मंजू पोरानं बॉल सोडला." ते म्हणाले, "ते वरती स्कोअरच्या खुणेनं लिहिलंस ना? सरी, ठीक. आता खाली माझं लिही. आणि पेननं. पेन्सिलनं लिहिलं की माणसाला खोडायची आशा राहते."

मात्र सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. आमची पोरं गल्लीतल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेली. क्रिकेटमध्ये बॅट हातात घेऊन पळायचं, क्रीजमध्ये टेकवायची. बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट टाकून द्यायची, मोकळ्या हातानं पळायचं आणि बेसला, म्हणजे जमिनीवरच्या चौकोनी गादीला, पाय लावायचा. बॅट टेकवून काही होत नाही. सांगायला सोपं. पण नागेशच्या हातातून बॅट सुटेना. नागेश आमचा सगळ्यात वेगवान गडी, पीण्याच्या गल्लीतला हिरो. तो पळायला लागला की मैदानाच्या कडेनं अण्णाही पळत आणि कन्नडमध्ये ओरडत, "बिडो! बिडो!" सोड रे, सोड. दम लागला की मराठीत, "लग्न लागलंय काय रे तुझं त्या बॅटशी? सोडचिठ्ठी दे की तिला!"

नागेश म्हणायचा, "सोडतो की, अण्णा. स्वल्प टाइम द्या."

"सीझन संपेपर्यंतच आहे टाइम."

आम्ही हरत गेलो. पहिली हरलो, दुसरी हरलो, तिसरीत इतके हरलो की समोरच्या टीमनंच आम्हाला पाणी आणून दिलं. एक जिंकलो, ती पाऊस येऊन मॅच लवकर थांबली म्हणून. मी आकडे लिहीत होते, मला दिसत होतं. बसमध्ये पोरं आधी गाणी म्हणायची, मग मोबाइल बघायची, मग नुसती खिडकीतून बाहेर बघायची. अण्णा मात्र दर सकाळी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला खरंच वाटतं का आपण तळातून निघू?" ते म्हणाले, "नाही वाटत." मैदानातला एक खडा उचलून बाहेर टाकत म्हणाले, "पण चहा प्यायलोय ना पंधरा घरचा."

शेवटच्या मॅचला हिशेब सरळ होता. आमच्यासमोर होती आमच्याच बरोबरीनं तळाला असलेली टीम. जिंकेल तो वर, हरेल तो तळाला. शेवटची इनिंग, आम्ही एका रननं मागं, दोन आउट, मंजू रनच्या अलीकडच्या, तिसऱ्या बेसवर, बॅटिंगला नागेश. नागेश पहिल्या बेसवर पोचला असता तर मंजूचा रन धरला जाऊन बरोबरी झाली असती. आणि त्याच्यामागं आमचा सगळ्यात चांगला बॅटर तयार उभा होता.

नागेशनं बॉल मारला. बॉल लांब नाही गेला, पण फील्डरच्या हातात नीट बसला नाही. नागेश सुसाट निघाला. मी उभी राहिले. त्याच्या हाताकडं माझं लक्षच गेलं नाही. ते गेलं तो बेसपासून चार पावलांवर असताना. बॅट हातातच होती. त्यानं लहानपणापासून केलं तेच केलं. अंग झोकून दिलं, हात लांब केला आणि बॅटचं टोक बेसवर टेकवलं. बॉल नंतर आला. क्रिकेट असतं तर तो आरामात आत होता. अंपायरनं हात वर केला, आउट. मंजूचा रनही गेला, सीझनही गेला.

नागेश मातीत पालथाच पडून राहिला. पोरांतला एक जण शिवी देत त्याच्याकडं निघाला, त्याला अण्णांनी हातानं अडवलं. नागेशजवळ जाऊन ते उकिडवे बसले, कॅचर बसतो तसे. म्हणाले, "ऊठ. माती नाकात जाते." एवढंच.

मग माझ्याकडं आले. मी पेन उघडून बसले होते. "लिही. आज चूक माझी. सीझनभर सोड म्हणून ओरडलो. का सोडायची ते एकदाही बसून सांगितलं नाही." माझं अक्षर त्या ओळीत वाकडं आलं आहे. तो कागद आजही माझ्याकडं आहे.

दुसऱ्याच दिवशी अण्णा मला घेऊन बोम्मसंद्र्याला गेले. मालक सभ्य माणूस होता, कॉफी मागवली. म्हणाला, "कोच, मी शब्द अटीवर दिला होता, तुम्हीही ऐकला होता." अण्णा म्हणाले, "निम्म्यांना घ्या. पाचांना घ्या." मालक म्हणाला, "पाच कुठले निवडू? बाकीचे दहा गेटवर येतील. तुम्हाला हवं तर तुम्ही या, स्टोअरमध्ये बसा." अण्णांनी विचारलं, "माझ्या जागी नागेश चालेल?" मालकाला वाटलं चेष्टा आहे. अण्णांनी कॉफी तशीच ठेवली आणि उठले. घरी त्यांच्या मंडळी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाले, "घर काय शांत झालंय ग्रॅज्युएट, छान झोप लागते." डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

टीम विकली गेली, पुढच्या वर्षी लीगही बंद पडली. अण्णा पंधरा नावांची यादी खिशात घालून पीण्यात शेडमागून शेड फिरू लागले. ज्या शेडमध्ये मुकादम ओळखीचा, तिथं चहा मिळे. नोकरी मिळत नसे. आमच्या पोरांना काय येतं विचारलं की अण्णा खरं तेच सांगत, "बेसबॉल येतो. तोही जेमतेम." मी चिडायचे. खोटं थोडं बोलायला काय जातं? ते म्हणत, "कामाला लागल्यावर कळेलच की त्यांना." दोन वर्षांत तिघांना पर्मनंट चिकटवलं. मला एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात ऑफिसात काम लागलं, तेही स्वतःच्या डिग्रीवर, त्यात अण्णांची शिफारस नव्हती. त्यांना सांगायला गेले तेव्हा पेढा खायच्या आधी त्यांनी खिशातनं यादी काढली.

"तुझ्याकडं टेम्पररी लोकांचं कोण बघतं?"

"मीच, अण्णा."

"मग नागेशचं नाव घे. मशीनवर शिकेल. का करायचं ते मात्र आधी सांग त्याला."

त्याच महिन्यात त्यांना झटका आला. मी दवाखान्यात गेले तेव्हा उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. ती वाकडी बोटं चादरीवर ठेवलेली. मी सांगितलं, नागेशला घेतलाय, टेम्पररीवर. ते माझ्याकडं बघत राहिले. पर्मनंट नाही, हे त्यांना कळलं होतं. आठ दिवसांत अण्णा गेले. खांदा द्यायला पंधरातले अकरा आले. बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही.

त्यानंतर नागेशची फाइल मी तीनदा वर पाठवली, दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सर, कारण लिहून द्या. कारण त्यांच्याकडं नव्हतं. गेल्या उगादीच्या पाडव्यानंतर ऑर्डर निघाली. पंधरांपैकी अकरा जण अजून टेम्पररीच आहेत. चौघं पर्मनंट झाले. चौथा नागेश.