तुंगार्लीच्या वाडीतला समेट

स्वातंत्र्याआधीचे ते शेवटचे पावसाळे. मी लोणावळ्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि तुंगार्लीच्या तळ्यापलीकडच्या एका वाडीत बाळंतपणं करायला जायची. वाडीत बहुतेक घरं शेतकऱ्यांची, कडेला मुसलमान मुलाण्यांची दोन-तीन. दोन्हीकडची कितीतरी पोरं माझ्या हातांवर जन्मलेली.

मुंबईच्या दंग्यांच्या बातम्या घाट चढून वर आल्या आणि त्याच आठवड्यात वाडीतल्या थोरल्या आबांचा बैल नाहीसा झाला. थोरल्या मुलाण्याचं बाजारात मटणाचं दुकान. संशय घ्यायला लोकांना तेवढं पुरलं. दोन्हीकडं कुऱ्हाडींना धार लागल्याचं दवाखान्यात आलेल्या एका बाईनं सांगितलं.

रविवारी उपासनेनंतर मी हा विषय काढला, तर आमच्या वडीलधाऱ्यांनी बजावलं की मध्ये पडू नकोस, आपण मूठभर माणसं, उद्या दोघंही आपल्यावरच उलटतील. पण भांडणाऱ्यांत समेट करणं हे येशूनं आपल्यालाच सांगितलेलं काम, असं मी वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं. मी गेले.

मुलाण्याचं दार भर दुपारी बंद होतं. तो फटीतूनच बोलला, आणि पहिलं विचारलं ते हे, की आबांनी तर धाडलं नाही ना. आबांकडं गेले तर त्यांनी विचारलं, मुलाण्यानं पाठवलं का? कुणीच पाठवलेलं नाही, हे दोघांनाही पटलं नाही.

बोलता बोलता मला आठवलं. त्याच आठवड्यात ठाकरवाडीकडं जाताना कड्याजवळची पायवाट ताजी ढासळलेली दिसली होती आणि खालून घाण वास येत होता. तिथं दोघांनी मिळून बघू या, असं मी आबांना आणि परत जाऊन मुलाण्यालाही सुचवलं. बऱ्याच वेळानं दोघंही तयार झाले, पण आपापली माणसं घेऊनच. धुक्यातून सगळे फटकून चालत होते, एकमेकांच्या हातातल्या काठ्यांवर नजर ठेवून.

बैल दरीत होता, पाय घसरून पडलेला. आबा स्वतः खाली उतरले. गळ्यातलं दावं त्यांनी ओळखलं. वर चढताना त्यांना धाप लागली, तेव्हा हात मुलाण्यानं दिला.

"चुकलं माजं," आबा त्याला म्हणाले.

त्यानं आबांचा हात सोडला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग आबा माझ्याकडं वळले.

"बाई, बैल हितं हाय ह्ये तुमाला कसं ठावं?"

मी वाटेचं आणि वासाचं पुन्हा सांगितलं.

"मग तवाच का न्हाई बोललात?"

तेव्हा बैल हरवल्याचं माझ्या कानावरच आलं नव्हतं. तेही सांगितलं. मुलाणी माझ्याकडं बघत होता, अगदी आबांसारखाच.

कुऱ्हाडी सरपणाच्या कामाला लागल्या. मुलाण्याचं दार उघडं राहू लागलं. पण मिशनवाल्यांनीच बैल ढकलला, भांडण लावायचं, मग मिटवायचं, म्हणजे माणसं त्यांच्या धर्माकडं वळतात, ही गोष्ट वाडीभर झाली. दोन्हीकडची माणसं ती सारखीच सांगत. मला फार लागलं. नाकारत बसले नाही. नाकारलं असतं तर तोही डाव ठरला असता.

भातकापणीच्या सुमारास आबांच्या सुनेच्या बाळंतपणाला मला बोलावलं. दुसरं कुणी मिळालं नसावं. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. मी औषध वाटीत ओतलं, तशी आबांच्या बायकोनं माझं मनगट धरलं.

"आदी तुमी घ्या."

सून पांढरी पडत चालली होती. वाद घालायला वेळ नव्हता. मी घोट घेतला. तरी सासूनं माझं मनगट सोडलं नाही. चुलीवर पाणी तापवायला आलेली मुलाण्याची बायकोही उठून तिच्याजवळ येऊन बसली, आणि खांद्याला खांदा लावून दोघी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला काही होत नाही असं पाहून मगच त्यांनी वाटी सुनेच्या ओठांना लावली.

सून वाचली.