अण्णांची लाइन आणि अक्कांची सीट

रविवारी दोन तास सायकल चालवायची आणि उरलेले दिवस बंगळुरात महादेवपुऱ्याच्या ऑफिसात त्याचेच किस्से सांगायचे, असं आम्हा मराठी मंडळींचं चाललंय. किश्शांना तोटा नाही, कारण वाटेत अण्णा भेटतात!

यशवंतपूरकडे एका बंद कारखान्याची मालगाडीची लाइन होती. रूळ काढून तिथे आता सायकल ट्रॅक केलाय. अण्णा मूळचे निपाणीचे. नोकरीभर याच लाइनीवर कीमन. रोज चालत रूळ तपासायचे आणि मध्ये शिरलेल्यांना हाकलायचं, हे त्यांचं काम.

* * *

पहिल्या दिवशी आम्ही झोकात निघालो. समोर अण्णा, दोन्ही हात वर!

"ए, उतरा! लाइनीवर यायचं न्हाई!"

मग स्वतःच ओशाळले. "सरी... म्हंजे बरं, जावा. सवय हो."

* * *

आमचा ओंकार पुण्याचा. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळात बघून म्हणाला, "अण्णा, इथे चढ आहे."

"त्यासाठी घड्याळ कशाला? माझ्या गुडघ्याला विचारायचं की!"

* * *

अण्णांचं पाऊल अजून रुळाखालच्या दोन स्लीपरमधल्या अंतराएवढं. मॉलमध्येही तस्सेच चालतात! त्यांच्या बायकोला, अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "सप्तपदीला ह्यांच्या पावलाला पाऊल जुळवताना माझा जीव गेला!"

* * *

अक्का वर्षानुवर्षं फाटकापर्यंत डबा आणून द्यायच्या. पुढे पाऊल टाकायची परवानगी नाही. लाइन जाते कुठे ते एकदा बघायचं, एवढीच त्यांची हौस. आता त्यांना पायी फार चालवत नाही, आणि पुढच्या महिन्यात दोघं कायमची मुलीकडे हुबळीला निघालेली.

ओंकारने दोन सीटची सायकल भाड्याने आणली. अण्णा अडून बसले. "बाईमाणूस लाइनीवर? नियम न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, लाइनच उरली नाही, नियम कसला!"

अक्का वाद घालत बसल्याच नाहीत. जन्मात पहिल्यांदा मुलीचा पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या. सरळ मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अण्णा करतात काय? पुढे बसले.

पार शेवटपर्यंत जाऊन परत आले दोघं. मी विचारलं, "अक्का, काय काय बघितलं?"

"काय बघणार? सगळ्या वाटेत ह्यांची पाठ!"

हसल्या, मग ओढणीने डोळे पुसले.

"डबा दिला की रोज ही पाठ लांब लांब जाताना बघायची मी. आज गेलीच न्हाई लांब."