न तुटणारी तार

तारेच्या कारखान्यात ताईचं काम तारा तोडण्याचं. यंत्र तार ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. तार थकून तुटेपर्यंत ताई समोर बसून. "मोडतोडीचा पगार घेणारी आमच्या घरात हीच," असं तिचा धाकटा भाऊ येईल त्याला सांगायचा. तो शिंपी, गल्लीचा मास्तर. अर्धांगाच्या झटक्यात त्याची उजवी मूठ मिटली ती मिटलीच.

कारखान्यातली एका खास जातीची तार मागून आणून ताईने त्याच्या हातमोज्याच्या पाठीवर बसवली. बॅटरीने तापली की ही तार आखडून मूळ आकारावर येते आणि बोटं मागे ओढते. गार झाली की सैल पडते. मास्तरची बोटं पुन्हा कात्रीत शिरली. पण तार सारखी तुटायची, आणि आता कारखान्याने ती बनवणंच थांबवलं. शेवटचा तुकडा उरला.

"हीपण तुटली म्हणजे?" मास्तरने विचारलं.

"तुटू देणार नाही."

"कोण बोलतंय बघा!"

आधी एकदा जबर ताण दिलेली तार पुढचे लहान ताण जास्त काळ सोसते, हे ताईने यंत्रावर कितीदा तरी पाहिलं होतं. तिने तुकडा दाराच्या कडीला बांधला आणि खाली मास्तरची जड इस्त्री टांगली. तार लांबली, पण तुटली नाही. इस्त्री काढल्यावरही थोडी लांबच राहिली. वाढलेली लांबी कापून टाकून तिने ती हातमोज्यावर बसवली.

बटण दाबलं. बोटं निम्मी उघडली आणि थांबली.

"अजून तापव."

"तापवली रे. एवढंच आखडतेय."

कारखान्यात तार किती टिकली एवढंच विचारतात. ताण सोसल्यावर ती किती आखडते, हे ताईला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

मास्तरने कात्री बोटांवर चढवायचा प्रयत्न केला. अंगठा गेला, बोटं अडली. डाव्या हाताने ढकलून पाहिली. टेबलावर गिऱ्हाइकाचं कापड खडूच्या रेघांसकट पसरलेलं होतं.

"टिकेल ना पण?"

"टिकेल," ताई म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना.

त्याने अर्धवट उघडा पंजा कापडावर दाबून धरला आणि कात्री तिच्याकडे सरकवली.

"काप. रेघ सोडू नकोस."

पहिलाच काप रेघेबाहेर गेला.