शिडीच्या पायऱ्या

गाडीच्या टपावरचा तंबू घेतला तेव्हा मी आठ दिवस हवेत होतो. सुप्याला कंपनीत नोकरी, राहायला नगरला, आणि सुट्टी मिळाली की गाडी काढून कुठंतरी जायचं, एवढाच माझा नाद. टपावर लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं, त्यावर तंबू बोल्टनं आवळला आणि सगळ्यात आधी शेवगावकडे, आमच्या गावी नेला. मिरवायला, दुसरं काय!

हुरड्याचे दिवस होते. ज्वारीच्या कडेला गाडी लावली, पट्टे सोडले, कव्हर काढलं, शिडी ओढून लांब केली आणि तिच्याच जोरावर घडी घातलेला तंबू उलगडला. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, बांधावरून बघत होते. म्हणाले, "आरं, ह्यो तर माळाच की!"

दादांनी तरुणपणी कितीतरी सुगी माळ्यावर काढल्या होत्या. चार लाकडं रोवून वर फळ्या टाकायच्या आणि तिथं बसून गोफणीनं पाखरं हाकायची. तो माळा मोडूनही आता जमाना झाला. "आज मी झोपतो वर," दादा म्हणाले. कधी काही न मागणारा माणूस. मी म्हटलं, "झोपा की, त्यात काय!"

मी हुरडा खायला गेलो आणि तासाभरानं परत आलो, तर दादा शिडीपाशी. तिच्या पायऱ्या म्हणजे बारीक नळ्या. त्या त्यांच्या तळव्यांत रुतत होत्या, गुडघेही दुखत होते. म्हणून त्यांनी प्रत्येक नळीवर बाभळीची फळी ठेवून तारेनं करकचून आवळली होती, वर गोणपाट. नव्या कोऱ्या शिडीला ओरखडे! आणि ती आता एकात एक सरकून मिटणारही नव्हती.

माझं डोकंच फिरलं. "कुणी सांगितले होते नको ते उद्योग? अडाण्यासारखं!" घरचे, शेजारचे, सगळे बघत होते. मी पक्कड घेऊन तारा तोडल्या. रागारागात तंबूही मिटला, घडीवर बसून आत अडकलेली हवा काढली. दादा पट्टा धरायला पुढं आले. "राहू द्या," मी खेकसलो. "व्हय, चुकलंच माजं," म्हणून त्यांनी फळ्या गोळा केल्या आणि गोठ्यात नेऊन ठेवल्या.

अडाण्यासारखं! सख्ख्या बापाला. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

माझा राग लगेच उतरतो, पण चुकलो म्हणायला जीभ उचलत नाही. ठरवलं, पुढच्या खेपेला त्यांना वर झोपवायचं. मग दिवा बसव, जाळ्या बदल, जाड गादी घाल, सावलीला कापड जोड, हेच चालू राहिलं. मित्र झोपले, मित्रांची पोरं झोपली. दादा फोनवर विचारायचे, "तंबू आणतो का रं?" मी म्हणायचो, "जरा काम चाललंय त्याचं." दोन हुरडे असेच गेले.

गेल्या पावसाळ्यात दादा गोठ्यात घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढणं कायमचं बंद केलं. त्यानंतर मी काय केलं? सुप्याच्या एका वेल्डरकडून रुंद पायऱ्यांची शिडी बनवून घेतली, रबर लावलेली, धरायला कठडा असलेली. एवढी अक्कल मला तेव्हा आली!

हुरडा आल्यावर ती लावून गावी गेलो. दादा काठी टेकत आले आणि पायरीवरून हात फिरवला. "झ्याक झालीया."

"आम्ही दोघं भाऊ उचलून नेतो तुम्हाला वर."

"पोत्यावानी? नगं बाबा."

मीही हट्टाला पेटलो. भावाला हाताशी घेऊन बोल्ट काढले, अख्खा तंबू खाली उतरवला आणि ज्वारीच्या कडेला जमिनीवर उलगडला. दादांना आत गादीवर बसवलं, खिडकीची चेन उघडली.

"दादा, चुकलं हो माझं तेव्हा," मी म्हणालो.

"कवाचं काय काढतो," म्हणत ते खिडकीतून बघत राहिले. समोर ज्वारीची ताटं होती, बाकी काही दिसत नव्हतं.

"मग झोपताय ना आज?" मी विचारलं.

"ठिव त्यो परत वर," दादा म्हणाले. "खाली तर मी रोजच झोपतो."