रिकाम्या खुर्चीसाठी सगुणाबाई

सगुणाबाई माझ्या घरामागच्या खोलीत राहतात. माहेर दिंडोरीजवळचं. वडिलांच्या द्राक्षबागेतला त्यांचा हिस्सा नाशिकच्या कोर्टाने मान्य केला, तेव्हा धाकटा भाऊ रंगनाथ हायकोर्टात अपिलात गेला आणि त्याने स्थगिती मिळवली. तेव्हापासून बागेचं पीक तो घेतो आणि सगुणाबाई लोकांकडे पोळ्या लाटतात. मागेपुढे कोणी नाही. आता त्यांची बोटं आखडतात. हिस्सा मिळायचा तर हात चालताहेत तोवर मिळायला हवा.

फेब्रुवारीत वकिलाकडे जाताना इंग्रजी कागद वाचायला त्यांनी मला सोबत घेतलं. वाटेत रिक्षा थांबवून द्राक्षांची पेटी विकत घेतली. वकिलाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, वानोळा नको का, म्हणाल्या. वानोळा घरच्या पिकाचा नेतात. विकत घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

ऑफिसात आम्ही बसायच्या आत पेटी उघडली गेली. कारकून, ज्युनियर, सगळ्यांचे हात तिच्यात. वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, तुमच्या बागेच्या द्राक्षांना तोड नाही." ती बाग कोणाच्या ताब्यात आहे, हे कोर्टाला सांगायची फी याच माणसाने घेतली होती.

तारखेचं विचारलं, तर न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या आहेत, नेमणुका रखडल्यात, अपील सुनावणीच्या बोर्डावर येत नाही, असं सगळं ते द्राक्षं चघळत सांगत राहिले.

"मग साहेब, एका जागेवर मला बसवा की," सगुणाबाई म्हणाल्या. "पगार नको, उन्हाळ्याची सुट्टी बी नको. सकाळच्या पोळ्या उरकून येत जाईन."

एकच हशा पिकला. साहेबांनी शेजारच्या केबिनमधल्या वकिलाला बोलावून सगुणाबाईंना ते पुन्हा म्हणायला लावलं. ज्युनियरने मोबाइल समोर धरला. पहिली केस कोणाची घेणार, असं त्यानेच विचारलं.

"भावाची. आधी त्याचं ऐकून घेईन. आजवर कोणी त्याचं बी ऐकलं नाय अन् माझं बी नाय."

यालाही ते हसले. टेबलावर चघळलेले देठ पडले होते. लवकर सुनावणीसाठी अर्ज केलाय का, असं मी विचारलं. साहेबांनी ज्युनियरकडे पाहिलं, ज्युनियरने फाइल चाळली. अर्ज केलेलाच नव्हता. "करून टाकू," साहेब हात पुसत म्हणाले.

सगुणाबाई उठल्या नाहीत. "करा," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."

दुपारच्या पोळ्यांची घरं त्यांनी फोन करून त्या दिवसापुरती सोडली. ज्युनियर कुरकुरत टाइप करू लागला. अर्ज एका पानाचा निघाला. मी तो वाचून मराठीत सांगितला, सगुणाबाईंनी आखडलेल्या बोटांनी सावकाश सही केली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, यंदाचा माल तर रंगनाथने उतरवायला घेतलाय, पुढच्या हंगामाचं बघू.