न हललेला भाव

कुणाबद्दल लिहावं इतका मी मोठा नाही, चुकलं तर माफ करा.

शेजारचे नाना जळगावच्या दाळमिलमध्ये कारकून. रोज थकून येत आणि कॅलेंडरवर तुरीच्या भावाखाली एका छोट्या खाण कंपनीच्या शेअरचा भाव लिहीत. त्यांची सगळी बचत त्यात होती. “चार महिनापाईन भाव हालना नही. माल पक्का शे,” म्हणत. धान्यबाजारात न हलणारा भाव मजबूतच समजतात.

कॉलेजात जुने भाव वाचायला शिकलो तेव्हा कळलं, त्या शेअरचे व्यवहारच थांबले होते, म्हणून भाव हलत नव्हता. मला सांगवलं नाही. रोज नुसतं “हो नाना” म्हणत राहिलो.

काल इंग्रजी पत्र आलं. नानांनी ते माझ्याकडेच दिलं. तो शेअर बाजारातून कायमचा काढला, आता तिथे विकता येणार नाही, असं मी वाचून दाखवलं.

नानांनी पेन खिशात ठेवलं. “तुले पहिलेच माहीत व्हतं ना?”