पेल्यातले गढूळ पाणी

अॅटलस पर्वताच्या उतारावरच्या मातीच्या धरणावर बस्सू पहारेकरी होता. सकाळची नमाज आटोपली की तो पायथ्याशी उतरायचा. कुठे गवत उगाच हिरवेगार झाले का, पायाखाली ओल लागते का, हे बघत चालायचा आणि पाझराच्या तोंडाशी थांबायचा. धरणातून थोडे पाणी झिरपणारच. ते नितळ असले की चिंता नसते. गढूळ आले तर समजावे, पोटातली माती वाहून चालली. बस्सू चहाच्या जुन्या पेल्यात ते पाणी घेऊन उन्हात धरायचा आणि धरणखात्याच्या साहेबांना फोन करायचा, "साफ आहे."

मेंढ्यांची कातरणी झाली की बायका तिथेच लोकर धुवायला येत. तशी मनाई होती. पण त्यांच्यात बस्सूची धाकटी बहीण इत्तो असायची. नवरा गेल्यापासून तिचे घर लोकरीवर आणि नदीकाठच्या बार्लीच्या तुकड्यावर चाले. बस्सू काणाडोळा करी.

त्या वर्षी एका सकाळी पेल्यातले पाणी गढूळ दिसले. तो इत्तोवर खेकसला, "अगं, निदान तोंडापाशी तरी लोकर बुडवू नका! माझी नोकरी घालवणार का?"

"आम्ही खाली दगडापाशी धुतो, दादा. पाणी वरूनच तसं येतंय. हात घालून बघ, बारीक माती लागते."

"झालं! आता तू मला धरण शिकव."

"शिकव गं," मागून एक बाई हसली, "पगार अर्धा-अर्धा वाटून घ्या."

बस्सूने हात घातला नाही. गढूळ म्हणावे तर साहेब कारण विचारणार, आणि लोकरीचे बिंग फुटणार. "साफ आहे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला, आणि त्यानंतरही.

मग गावातली म्हातारी हद्दा वारली. सगळ्या बायका तिच्या घरी जमल्या. पायथ्याशी चिटपाखरू नव्हते. बस्सूने पेला भरला. पाणी तसेच गढूळ, आणि बघता बघता तळाशी गाळ बसला. त्याने लगेच साहेबांना फोन लावला, "गढूळ आहे."

साहेब धावत आले. गाव टेकडीवर हलवला, धरणाचे दरवाजे पूर्ण उघडले. धरण वाचले, माणसे वाचली; पण नदीकाठची ओंब्यांवर आलेली बार्ली चिखलात आडवी झाली.

"आधी कळलं असतं तर पाणी हळूहळू सोडता आलं असतं," साहेब म्हणाले. पायथ्याच्या दगडांवर अडकलेली लोकर त्यांनी येताच बघितली होती. "पण त्या लोकरीनं तुमची फसगत केली."

बस्सूने मान डोलावली.

लोक त्याच्या दारात भाकरी आणि ताक घेऊन आले. बस्सूने गाव वाचवला म्हणाले, आणि बायकांना शिव्या घातल्या. पीक गेलेल्यांसाठी धान्य गोळा करायचे ठरले, पण लोकर धुणाऱ्या घरांना त्यातला दाणाही मिळणार नव्हता. इत्तोने बस्सूकडे एकदा बघितले.

शुक्रवारी सजद्यात कपाळ टेकले, तर त्याच्या ओठांवर दुआ येईना. मनातल्या मनात तौबा करून हे भागणार नव्हते. नमाज संपली. मशिदीच्या अंगणात लोक जोडे घालत होते.

"थांबा," तो म्हणाला. "इत्तोनं मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" गावच्या मुखियाने विचारले.

"पाणी वरूनच गढूळ येतंय म्हणून. मी हात घालून बघितलं नाही. साहेबांशी रोज खोटं बोललो. बायकांचा यात दोष नाही, त्यांनाही धान्य द्या."

मग एका म्हाताऱ्याने, ज्याचे सगळे शेत गेले होते, जोडा तसाच हातात धरून विचारले, "आणि आमचं ताक प्यालास?"

तिथूनच बस्सूने साहेबांना फोन करून सगळे सांगितले. "उद्यापासून येऊ नका," एवढेच उत्तर आले.

इत्तो चिखलात वाकून आडव्या बार्लीच्या ओंब्या गोळा करत होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"आज सांगितलंस," ती वर न बघता म्हणाली.

"हो."

"मी रोज वाट बघत होते, दादा."

जोडे काढून तो चिखलात उतरला आणि ताटे ओढू लागला.

"मुळासकट नको," इत्तो म्हणाली. "नुसत्या ओंब्या खुड."

तो ओंब्या खुडू लागला. ती पुढच्या ताटाकडे वळली.